अठरा मिनिटं आणि चार अक्षरं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

मागच्या ऑगस्टमध्ये मी इथं एक पोस्ट टाकली होती. "छोट्या विमानाचे प्रवासी म्हणजे दुय्यम नागरिक का?" असं तिचं शीर्षक. रामटेक, मनसर, कन्हान पट्ट्यातल्या बऱ्याच जणांनी ती शेअर केली, काहींनी तर माझं नाव काढून स्वतःच्या नावावर खपवली. आज त्या पोस्टमधलं अर्धं मी मागे घेतोय. अर्धंच. उरलेलं अर्धं कोणतं ते शेवटी सांगतो.

ज्यांनी ती वाचली नव्हती त्यांच्यासाठी थोडक्यात. मी कामानिमित्त इंदूरला होतो. सकाळी अकराला घरून फोन आला, मोठेबाबा गेले. वय पंच्याऐंशी, काही दिवसांपासून आजारीच होते, पण म्हणून काय फोन सोपा होत नाही. दुपारच्या विमानात जागा मिळाली. पंख्याचं छोटं विमान, एटीआर. घरच्यांनी सांगितलं, दिवस मावळायच्या आत उरकावं लागेल, तू ये, आम्ही होईल तितकं थांबतो.

नागपूर जवळ आलं, चाकं अजून वरच. विमान एकदा वळलं, परत वळलं. पावसाळ्याचे ढग होते. मधेच ढग फाटले आणि दूरवर पाण्याची मोठी चकाकी दिसली. खिंडसीच ती, आणि शेजारी गडाची डोंगरकड. थोड्या वेळानं तेच पाणी पुन्हा दिसलं. म्हणजे मला माझं गाव वरून दोनदा दिसत होतं आणि खाली उतरता येत नव्हतं. वैमानिकानं "ऑपरेशनल कारणांमुळे थोडा उशीर" एवढंच सांगितलं, तेही इंग्रजीत आणि हिंदीत. अठरा मिनिटं उशिरा उतरलो. सोनेगावहून टॅक्सी करून घाटावर पोचलो तेव्हा चितेला अग्नी देऊन दहा मिनिटं झाली होती.

रात्री झोप येईना. मोबाईलवर विमानं दाखवणारं ॲप असतं ना, त्यात त्या दुपारचा सगळा प्रवास मागे नेऊन पाहिला. आमचं विमान घिरट्या घालत असताना तीन जेट विमानं आमच्या आधी उतरली होती. त्यातली दोन तर आमच्या बरीच मागे होती. डोकं फिरलं. तिथंच बसून पोस्ट लिहिली. मोठ्या विमानातले साहेब लोक आधी, एटीआरमधले आम्ही नंतर, असा एकूण सूर. खाली कुणीतरी कमेंट केली, "कंट्रोलर मोबाईल पाहत बसले असतील." त्या कमेंटला मी लाइक दिलं. त्या लाइकची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दिवाळीच्या आधी कामठीहून एका गृहस्थांचा मेसेज आला. निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर. रागावले नव्हते. एवढंच लिहिलं होतं, "त्या स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक विमानाखाली चार अक्षरं आहेत. ती वाचली का? चहाला या." गेलो.

ती चार अक्षरं मी खरंच वाचली नव्हती. इंग्रजी अक्षरं इथं मराठीत लिहितोय, खुणा मोजून घ्या. आमच्या विमानाखाली होतं एटी७६. पुढच्या दोघांखाली ए२०एन. आणि तिसऱ्याखाली बी७७डब्ल्यू. मला वाटलं होतं कंपनीचा काहीतरी नंबर असेल. सर म्हणाले, "हे नाव नाही. हा स्वभाव आहे."

गोष्ट अशी. मॉन्ट्रियलला इकाओ म्हणून संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतुकीची संघटना आहे. तिची एक यादी आहे, दस्तऐवज क्रमांक ८६४३. जगातल्या विमानांच्या जातींना त्यात जास्तीत जास्त चार खुणांचा कोड दिलेला असतो. एटीआर ७२ चं ६०० मॉडेल म्हणजे एटी७६, त्याचंच जुनं ५०० मॉडेल म्हणजे एटी७५. एअरबस ३२० निओला ए२०एन, कारण ए३२० मध्येच चार खुणा संपल्या, मग एन बसवायला तीनचा आकडा काढून टाकला. बोइंग ७७७ चं लांब पल्ल्याचं ३०० मॉडेल म्हणजे बी७७डब्ल्यू. उड्डाणाआधी प्रत्येक विमानाचा फ्लाइट प्लॅन भरला जातो, त्यात नऊ नंबरच्या रकान्यात हा कोड येतो आणि त्यापुढं तिरकी रेघ मारून वजनाच्या गटाचं एक अक्षर. तिथून ते कंट्रोलरच्या स्ट्रिपवर आणि रडारच्या पडद्यावर.

यात मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे कोड कधी वेगळा द्यायचा आणि कधी नाही. इंजिन या कंपनीचं का त्या कंपनीचं, पंखांची टोकं वळवलेली आहेत का सरळ, आत सीटा किती, रंग कोणता, यातल्या कशानंही कोड बदलत नाही. जुनं ए३२० दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंजिनांनी उडतं, कोड एकच. कंट्रोलरच्या दृष्टीनं ते सारखंच वागत असेल तर ते सारखंच. वेगळं वागत असेल तर तिकिटावर नाव एकच असलं तरी कोड वेगळा. तिकिटावर आपल्याला नुसतं "७३७" दिसतं, पण बी७३८ वेगळं आणि बी३८एम वेगळं. तो बी३८एम म्हणजे मॅक्स, मार्च २०१९ मध्ये इथिओपियातल्या अपघातानंतर डीजीसीएनं ज्याची उड्डाणं बंद केली होती तो. प्रवाशाला जाहिरातीत मॅक्स कोणतं ते शोधावं लागतं, पडद्यासमोरच्या माणसाला ते चार अक्षरांत कळतं.

आणि ज्या विमानाला कोडच नाही, कुणी घरी बनवलेलं वगैरे, त्याला काय? चारदा झेड लिहायचं आणि खाली वेगळ्या रकान्यात जात खुलासेवार लिहायची. आपल्या सरकारी फॉर्मात "इतर" असतं ना, तसंच.

बरं, कंट्रोलरला हे कशासाठी हवं? सरांनी विचारलं, "मनसरच्या चौकात उभं राहून सांगा, ट्रॅक्टर-ट्रॉली, लालपरी आणि कार एका लेनमध्ये सोडायच्या आहेत, ओव्हरटेक नाही, कुणी ब्रेक मारून थांबायचं नाही. कुणाला आधी सोडाल?" मी म्हटलं, कारला. "आणि ट्रॉली आधी सोडली तर?" तर मागे सगळे अडकतील. "तुम्ही त्या दिवशी ट्रॉलीत होता."

हे ऐकून बरं वाटलं नाही. पण आकडे पाहा. शेवटच्या सरळ टप्प्यात एटीआर ढोबळमानानं ताशी १२० नॉटनं येतं, जेट १४० नॉटनं. दहा नॉटिकल मैल उरले असताना एटीआरला पाच मिनिटं लागतात, जेटला सव्वाचारच्या आसपास. म्हणजे मागचं जेट तेवढ्याच अंतरात पाऊण मिनिट पुढं सरकतं, पावणेदोन मैलांच्या आसपास अंतर खातं. वर, लांब असताना, फरक आणखी मोठा. एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात चालतं. जेट पस्तीस हजारांवर सव्वाआठशेनं येतं. ॲपमध्ये जे विमान मला "बरंच मागे" दिसत होतं ते अंतरानं मागे होतं, वेळेनं नव्हतं. मी नकाशा पाहत होतो, कंट्रोलर घड्याळ पाहत होता.

आता बी७७डब्ल्यू. ते मिहानमधल्या एमआरओत दुरुस्तीला आलेलं असावं, म्हणजे ज्या "साहेब लोकांवर" मी चार ओळी खर्च केल्या ते बहुतेक विमानात नव्हतेच! पण ते रिकामं असो वा भरलेलं, त्याच्या कोडपुढं एच असतो. एच म्हणजे हेवी. कमाल वजन १३६ टन किंवा त्याहून जास्त. सात टनांपर्यंत एल, मधले सगळे एम, आणि ए३८० सारख्या अजस्राला जे. हे अक्षर विमानतळाच्या फरशीवर भार किती पडेल यासाठी नाही. ते मागून येणाऱ्यासाठी आहे.

विमान उडतं तेव्हा दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात आणि मागे पसरत हळूहळू खाली बसतात. विमान जितकं जड आणि संथ, तितके ते जोरकस. डोळ्यांना दिसत नाहीत. खिंडसीत मोटरबोट जाते आणि ती दिसेनाशी झाल्यावर तिची लाट येऊन ढिवराचा डोंगा हलवते, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त इथं डोंगा पाण्यापासून हजार फूट वर असतो. म्हणून एचच्या मागे एम असेल तर रडारवर किमान पाच नॉटिकल मैल, एल असेल तर सहा. जेच्या मागे एमला सात. उड्डाणाच्या वेळी एचच्या मागे साधारण दोन मिनिटं थांबायचं, मोकळी धावपट्टी समोर दिसत असली तरी. पुढच्या वेळी विमान रांगेत उभं राहिलं आणि समोर काहीच नाही असं वाटलं, तर आधी कोण गेलं ते आठवून पाहा.

२३ टनांचं एटी७६ आणि ३५१ टनांचं बी७७डब्ल्यू. पंधरापट. आमची अठरा मिनिटं त्या पाच मैलांत आणि त्या पाऊण पाऊण मिनिटांत बरीचशी वाटली जातात. सगळी नाही. सर स्पष्ट म्हणाले, "त्या दिवशी खुर्चीवर मी नव्हतो. ढग कुठं होते, कुणी परत वर गेलं का, मला माहीत नाही. कोडवरून दिसतं तेवढंच सांगतो." असा माणूस मला आवडतो.

हा कोड म्हणजे देववाणी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. एकच ए२०एन मे महिन्यातल्या दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत, भरलेलं, टाकी फुल्ल, आणि तेच जानेवारीच्या पहाटे अर्धं रिकामं. कोड तोच, चढण्यात जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा वैमानिकाला विचारावंच लागतं, इतक्या मिनिटांत इतकी उंची गाठाल का? नाही म्हणाला तर दुसरा रस्ता. आता संगणकही याच कोडवरून अंदाज बांधतात. युरोकंट्रोल या संस्थेनं बाडा नावाचा एक साठा केलाय, त्यात एकेका जातीचं विमान कोणत्या उंचीवर किती वेगानं चढतं-उतरतं याचं गणित आहे. म्हणजे कोड चुकीचा भरला तर गणितही चुकीच्या विमानाचं होणार.

वजनाच्या गटांचंही तसंच. २३ टनांचं एटीआर आणि ७९ टनांचं निओ, दोघंही एममध्येच. मला हे पटलं नाही, सरांनाही पूर्ण पटत नसावं. याची किंमत जगानं मोजलेली आहे. बोइंग ७५७, कोड बी७५२, वजनानं १३६ टनांच्या आत, म्हणून कागदावर जड नाही. पण त्याचे भोवरे फार वाईट. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत मोंटाना राज्यात आणि बरोबर पुढच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात, ७५७ च्या मागे उतरणारं एकेक छोटं जेट उलटून पडलं. दोन्हींत कुणी वाचलं नाही. त्यानंतर तिथं त्याच्या मागे जास्त अंतर सोडायला लागले. म्हणजे वजनाचं अक्षर पाहून भागलं नाही, चार अक्षरांचा कोडच पाहावा लागला. २०२० पासून इकाओनं तीन-चार ढोबळ गटांऐवजी सात गटांची पद्धतही वापरायला खुली केली आहे, त्यात वजनाबरोबर पंखांची लांबीही धरतात.

चहा संपला तेव्हा मी सरांना मोठेबाबांबद्दल सांगितलं. ते आरएमएसमध्ये होते, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, पण त्यांची काही वर्षं सोनेगावला रात्रपाळीत गेली. आमच्या पिढीला ठाऊक नाही म्हणून सांगतो. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र नागपूर होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चार दिशांनी रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत विमानं परत. दिल्लीला संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. सुरुवातीला डकोटा विमानं. लहानपणी मोठेबाबा आम्हाला अंगणात बसवून तोंडानं डकोटाची घरघर काढून दाखवायचे, मग व्हायकाउंटची शिट्टीसारखी धार. "दिसाची गरज नाई पडे बाप्पा, आवाज आला का समजे कोन हाय तो."

सर हसले. म्हणाले, डकोटाचा कोड डीसी३, व्हायकाउंटचा व्हीआयएससी. अजून यादीत आहेत दोन्ही. आणि मग म्हणाले, चारही बाजूंनी एकसारखे डकोटा येत असतील तर कंट्रोलरचं काम त्या मानानं सोपं. सगळे सारख्याच वेगाचे, सारख्याच वजनाचे. अवघड होतं ते मिसळ झाली की.

इथं आपल्या गावचा, आपल्या भागाचा प्रश्न येतो, म्हणून तर ही पोस्ट. आपल्याकडं मिसळ वाढते आहे. गोंदियाच्या बिरसीहून डिसेंबर २०२३ पासून एटीआर सुरू झालं. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं एटीआर सुरू झालं. बिरसीला शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात, डीए४० आणि डीए४२, दोन्ही एल. नागपूरवरून देशाच्या चारी कोपऱ्यांची आणि परदेशांचीही जेट विमानं वरून जातात. मिहानला दुरुस्तीला येणारी जड विमानं वेगळी, हवाई दलाची वेगळी. आणि नागपूरला धावपट्टी एक, ३२०० मीटरची. सभेत नेते सांगतात "इतक्या फ्लाइट वाढवल्या." टाळ्या पडतात, मीही वाजवल्यात. पण त्याच धावपट्टीवर एका तासात दहा ए२०एन उतरवणं आणि पाच ए२०एन, तीन एटी७६, दोन एच उतरवणं यात फरक आहे. पहिल्यात एकामागं एक सारख्या अंतरानं येतात. दुसऱ्यात प्रत्येक जोडीमागं वेगळा हिशेब. दुसऱ्या धावपट्टीची मागणी करताना नुसती फ्लाइटची संख्या मोजू नका, कोणत्या जातीची विमानं येणार आहेत ते विचारा. ही माहिती मागितली तर द्यावी लागेल, गुपित नाही ते.

आणि हा हिशेब करणारी माणसं? संसदेच्या स्थायी समितीनं २०२५ मध्ये कंट्रोलरच्या टंचाईवर आणि थकव्यावर बोट ठेवलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी यंत्रणा बसली, एएमएसएस तिचं नाव. आठशेच्या वर विमानं उशिरा धावली. त्या दिवशी कंट्रोलर फ्लाइट प्लॅन हातानं करत होते. म्हणजे नऊ नंबरचा तो रकाना, ती चार अक्षरं, एकेका विमानाची, हातानं. ती बातमी वाचताना मला माझं ते लाइक आठवलं. कमेंट कुणाची होती ते सांगत नाही, पण लाइक काढून घेतलं आहे. आणि त्या दुपारी नागपूरला खुर्चीवर जे कुणी होते त्यांची माफी मागतो. तुम्ही आम्हाला त्या बी७७डब्ल्यूच्या मागे पाच मैल ठेवलं म्हणून ही पोस्ट लिहायला मी आहे.

आता न मागे घेतलेलं अर्धं. अठरा मिनिटं आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. "ऑपरेशनल कारणं" हे सांगणं नव्हे. "आपल्या पुढं एक जड विमान उतरतंय, त्याच्या मागची हवा शांत होईस्तोवर आपण थांबतोय," हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मोजलं मी, सात सेकंद. नागपूरला उतरणाऱ्या विमानात ते मराठीतही ऐकवता येईल. विमानात माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होत्या, पहिल्यांदाच बसलेल्या. विमान तिसऱ्यांदा वळलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला, "चाकं नाई उघडून राहिले का जी?" मला उत्तर माहीत नव्हतं. कुणीतरी ते द्यायला हवं होतं. त्या मागणीवर मी कायम आहे. विमान कंपनीला तसं पत्र लिहिलंय, उत्तर आलं की इथं टाकतो.

काल मोठीआईला हे सगळं सांगितलं. भोवरे, पाच मैल, कोड, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तुले मुद्दाम नोयते थांबोलं."

नाही, मुद्दाम नव्हतं.

"मंग बरं."

जुनी पोस्ट डिलीट करत नाहीये. तिच्यावर दुरुस्तीची ओळ लिहिली आहे आणि या पोस्टची लिंक दिली आहे. ज्यांनी ती शेअर केली होती त्यांनी जमलं तर हीपण करा. माझं नाव काढून केली तरी चालेल.